पंधरा सेंटिमीटरचे अंतर

छताखाली होणाऱ्या लांब उडीत वारा मदतीला धावून येत नाही. तिथे कामी येते ती फक्त तयारी, आणि शेवटच्या संधीपर्यंत टिकणारी जिद्द. महिलांच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत गेली काही वर्षे रंगलेल्या एका चुरशीची, आणि त्या चुरशीशी नाते सांगणाऱ्या आपल्या मुलींची ही कहाणी.

मार्च २०१६. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरी जागतिक इनडोअर अॅथलेटिक्स स्पर्धा भरली होती. एरवी जिथे प्रदर्शने आणि परिषदा होतात, त्या भल्यामोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये या स्पर्धेसाठी खास धावमार्ग उभारला होता. महिलांच्या लांब उडीची अंतिम फेरी शेवटाकडे आली होती. सर्बियाची इव्हाना श्पानोविच आघाडीवर होती. तिने ७.०७ मीटर उडी मारली होती. तिच्या आयुष्यातली तोवरची ती सर्वांत लांब उडी! सुवर्णपदक आता जवळजवळ गळ्यात पडलेच, असे कुणालाही वाटले असते.

पण ब्रिटनी रीसची एक उडी अजून बाकी होती.

रीस अमेरिकेची, म्हणजे घरच्या मैदानावरची. तिची शेवटची संधी. ती धावत आली, फळीवर पाय पडला, शरीर हवेत उचलले गेले आणि वाळूत उतरले. मोजमाप झाले. ७.२२ मीटर! फुटांत सांगायचे तर पावणेचोवीस फुटांच्या आसपास. आपल्याकडच्या चाळीतल्या बारा फुटी दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या, तर जवळजवळ तेवढे अंतर तिने एका उडीत पार केले होते. सुवर्ण रीसला, रौप्य इव्हानाला. ब्रिटनच्या लॉरेन युगेनला ६.९३ मीटर उडीवर ब्राँझ मिळाले.

पहिली आणि दुसरी यांच्यात अंतर किती? फक्त पंधरा सेंटिमीटर. शाळकरी मुलांच्या कंपासपेटीत जी छोटी पट्टी असते ना, बरोबर तेवढे. त्या पट्टीएवढ्या अंतराने एकीला जगज्जेती केले आणि दुसरीला पुढली दोन वर्षे वाट पाहायला लावली.

छताखालची उडी म्हणजे काय?

आपल्याकडे अॅथलेटिक्स म्हटले की डोळ्यांसमोर उघडे मैदान, चुन्याच्या रेषा आणि रणरणते ऊन येते. छताखाली धावणे-उडणे हा प्रकार आपल्याला नवखाच. पण युरोप-अमेरिकेत जानेवारी ते मार्च या दिवसांत बाहेर बर्फ असते, हाडे गोठवणारी थंडी असते. मग खेळाडूंनी करायचे काय? त्यातून इनडोअर अॅथलेटिक्सचा हंगाम रुजला. १९८५ साली पॅरिसमध्ये जागतिक इनडोअर क्रीडास्पर्धा झाली आणि १९८७ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला तिला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला. त्या वर्षी महिलांची लांब उडी जिंकली ती पूर्व जर्मनीच्या हाइके ड्रेक्सलरने, ७.१० मीटरची झेप घेऊन.

सभागृहात जागा मर्यादित. म्हणून धावमार्गाची फेरी ४०० ऐवजी २०० मीटरची असते आणि वळणावर तो एका बाजूने उचललेला असतो. १०० मीटरच्या शर्यतीऐवजी ६० मीटरची असते. लांब उडीचे नियम मात्र तेच. चाळीसेक मीटर धावत यायचे, २० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवरून उसळायचे आणि वाळूत उतरायचे. सगळ्यांना पहिल्या तीन संधी मिळतात. त्यातून सर्वसाधारणपणे पहिल्या आठ जणी निवडल्या जातात आणि त्यांना आणखी तीन. सहातली जी सर्वांत लांब, ती खरी.

मैदान आणि सभागृह यांत एक मोठा फरक आहे तो वाऱ्याचा. मैदानावर पाठीमागून वारा आला तर खेळाडूला ढकलून पुढे नेतो. म्हणूनच सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वेगाचा वारा असेल, तर ती उडी स्पर्धेत धरली तरी विक्रमासाठी धरत नाहीत. छताखाली हा प्रश्नच नाही. तिथे जो आकडा फलकावर झळकतो तो सगळाच्या सगळा खेळाडूचा. शिवाय प्रेक्षक अगदी जवळ बसलेले असतात. त्यांच्या टाळ्यांच्या ठेक्यावर धाव सुरू होते.

दिसायला हा खेळ सोपा. धावा आणि उडी मारा, त्यात काय मोठेसे? पण जागतिक दर्जाची महिला खेळाडू फळीपाशी पोहोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला नऊ-साडेनऊ मीटर असतो. या वेगात वीसएक ढांगा टाकून पाय नेमका त्या वीतभर फळीवर पडायला हवा. दोन बोटे अलीकडे पडला तर तेवढे अंतर फुकट गेले, कारण उडी पायापासून मोजत नाहीत, फळीच्या पुढच्या कडेपासून मोजतात. दोन बोटे पलीकडे गेला तर लाल झेंडा, उडी बाद! पूर्वी फळीपुढे मऊ मेणासारख्या लगद्याची पट्टी असे. बुटाचा ठसा त्यावर उमटला की पंच उडी बाद ठरवत. २०२१ च्या अखेरीस नियम बदलला. आता पायाचा कोणताही भाग फळीच्या पुढच्या कडेच्या पलीकडे गेला, जमिनीला न टेकता नुसता गेला, तरी उडी बाद होते. मोठ्या स्पर्धांत कॅमेरे त्यावर नजर ठेवतात.

पाय फळीवर असतो तो सेकंदाच्या आठव्या भागाएवढा वेळ. तेवढ्यात धावण्याचा वेग कमी होऊ न देता शरीर वर उचलायचे असते. त्यासाठी शेवटून दुसऱ्या ढांगेला शरीर किंचित खाली बसते. हवेत असताना पाय सायकल मारल्यासारखे चालतात ते शोभेसाठी नव्हे. शरीर तोंडावर कोसळू नये आणि उतरताना पाय पुढे फेकता यावेत म्हणून. सारा खेळ हवेत एक सेकंदही टिकत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे सराव करायचा!

बास्केटबॉलच्या कोर्टवरून

ब्रिटनी रीस अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्टची. कॉलेजात ती आधी बास्केटबॉल खेळत होती. तिथली उसळी आणि वेग पुढे लांब उडीत कामाला आला. २००९ साली ती मैदानावरची जगज्जेती झाली आणि २०१० साली दोहा इथे ६.७० मीटर उडीवर छताखालचीही.

शेवटच्या संधीला बाजी पलटवणे हे पोर्टलंडला तिने पहिल्यांदाच केले नव्हते. २०१२ साली इस्तंबूलच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत तिची सहकारी जॅनेय डिलोच ६.९८ मीटरवर पुढे होती. रीसने अखेरच्या फेरीत ७.२३ मीटर उडी मारली. तेवीस वर्षांत छताखाली कुणाही स्त्रीने एवढी लांब उडी मारलेली नव्हती. त्याच वर्षी लंडनला तिने ऑलिंपिकचे सुवर्णही मिळवले.

रीसच्या उड्यांचा कागद पाहिला तर त्यात बाद झालेल्या उड्याही दिसतात. वेगाने येणाऱ्या खेळाडूला फळी नेमकी सापडेलच असे नाही. पण बाद झालेल्या उडीचे दुःख पुढच्या उडीपर्यंत न्यायचे नाही, ही गोष्ट तिला साधली होती. आपल्या घरातल्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनाही सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. पहिला पेपर अवघड गेला म्हणून दुसरा बिघडवायचा नसतो.

झ्रेन्यानिनची इव्हाना

आणि जिच्या हातून पोर्टलंडचे सुवर्ण निसटले ती इव्हाना? तिचा जन्म १० मे १९९० चा, झ्रेन्यानिन या गावातला. ती जन्मली तेव्हा त्या देशाचे नाव युगोस्लाव्हिया होते. ती चालायला शिकली तोवर देश फुटू लागला होता. मग युद्धे झाली, आर्थिक निर्बंध आले, महागाईने नोटांची किंमत कागदाएवढीही ठेवली नाही. १९९९ साली नाटोच्या विमानांनी सर्बियावर बॉम्ब टाकले, नोव्ही साद शहरातले डॅन्यूब नदीवरचे पूल पाडले, तेव्हा इव्हाना जेमतेम नऊ वर्षांची होती. पुढे त्याच नोव्ही साद शहरात, गोरान ओब्रादोविच या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिची लांब उडी आकाराला आली.

सर्बिया म्हटले की लोकांना टेनिस आठवते, बास्केटबॉल आणि वॉटरपोलो आठवतो. अॅथलेटिक्समध्ये या छोट्या देशाचे नाव फारसे नव्हते. ते इव्हानाने केले. २०१३ साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत तिने ६.८२ मीटर उडीवर ब्राँझ मिळवले. स्वतंत्र सर्बियाचे जागतिक मैदानी स्पर्धेतले ते पहिले पदक. पुढल्या वर्षी पोलंडमधल्या सोपोट इथे जागतिक इनडोअर स्पर्धेत पुन्हा ब्राँझ. २०१५ साली बीजिंगला ७.०१ मीटर मारूनही ब्राँझच. २०१६ साली पोर्टलंडला रौप्य आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये ७.०८ मीटर उडीवर पुन्हा ब्राँझ. रिओला टियाना बार्टोलेटा ७.१७ मीटरवर पहिली आणि रीस ७.१५ मीटरवर दुसरी होती. नऊ सेंटिमीटरमध्ये तीन पदके मावली होती!

सतत पदक मिळवणारी, पण जागतिक सुवर्णापाशी अडखळणारी अशी तिची ओळख होऊ लागली होती. घरात सगळ्या विषयांत दुसरी येणारी मुलगी असते ना, तिला विचारा, पहिल्या नंबराचे ओझे कसे असते ते.

घरच्या छताखाली

मार्च २०१७. युरोपीय इनडोअर स्पर्धा सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये होती. सभागृह तुडुंब भरलेले. घरच्या माणसांसमोर खेळणे म्हणजे दुधारी तलवार. टाळ्या बळ देतात आणि त्याच टाळ्या पाय जडही करतात. इव्हानाचे पाय जड झाले नाहीत. तिने ७.२४ मीटर उडी मारली आणि रीसच्या इस्तंबूलच्या उडीला एका सेंटिमीटरने मागे टाकले. दुसरी आलेली युगेन ६.९७ मीटरवर होती, म्हणजे इव्हानापेक्षा २७ सेंटिमीटर मागे. छताखालच्या सर्वकालीन यादीत इव्हाना तिसऱ्या क्रमांकावर गेली.

तिच्या पुढे उरल्या त्या दोघीच. एक हाइके ड्रेक्सलर. १३ फेब्रुवारी १९८८ रोजी व्हिएन्ना इथे तिने मारलेली ७.३७ मीटरची उडी हा छताखालचा जागतिक विक्रम. दुसरी सोव्हिएत युनियनची गॅलिना चिस्त्याकोवा. तिची १९८९ सालची ७.३० मीटरची उडी. मैदानावरचा ७.५२ मीटरचा जागतिक विक्रमही चिस्त्याकोवाचाच, जून १९८८ मधला, लेनिनग्राडचा. बूट बदलले, धावमार्ग बदलले, प्रशिक्षणाचे शास्त्र बदलले, पण हे आकडे त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ कुणाला ओलांडता आले नाहीत. त्या काळी पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारी योजनेनुसार उत्तेजक औषधे दिली जात, हे नंतर कागदपत्रांतून उघड झाले. त्यामुळे त्या दशकातील पूर्व युरोपच्या विक्रमांविषयी जाणकार जरा जपूनच बोलतात.

पाठीवरचा कागद

बेलग्रेडच्या आनंदानंतर पाच महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनला जे घडले ते छताखालचे नव्हे, मैदानावरचे. पण ते सांगितल्याशिवाय इव्हानाची गोष्ट पुरी होत नाही.

जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. रीस ७.०२ मीटरवर पहिली, रशियाची दारिया क्लिशिना ७.०० मीटरवर दुसरी, बार्टोलेटा ६.९७ मीटरवर तिसरी आणि इव्हाना ६.९६ मीटरवर चौथी. इव्हानाची शेवटची उडी लांबवर गेली. पाहणाऱ्यांना वाटले, सात मीटर नक्की ओलांडले! तिलाही तसेच वाटले. फलकावर आकडा आला, ६.९१.

असे कसे? खेळाडूंच्या पाठीवर नावाचा कागद पिनांनी लावलेला असतो. त्याची खालची बाजू सुटून लोंबत होती आणि शरीर वाळूत टेकण्याआधी त्या कागदाने मागे वाळूवर ओरखडा काढला होता. नियम असा की शरीराच्या किंवा शरीराला लागून असलेल्या कोणत्याही वस्तूच्या, फळीला सर्वांत जवळ असलेल्या खुणेपासून उडी मोजायची. सर्बियाने दाद मागितली. ती फेटाळली गेली. ब्राँझ एका सेंटिमीटरने आणि कदाचित सुवर्णही, एका कागदामुळे गेले.

नियमाप्रमाणे पंच चुकले नव्हते. आणि तरीही त्या रात्री इव्हानावर अन्याय झाला असे वाटलेले लोक जगभर होते. नियम आणि न्याय यांत कधीकधी असे कागदाएवढे अंतर पडते खरे.

अखेर सुवर्ण

मग आले २०१८. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमला जागतिक इनडोअर स्पर्धा. समोर पुन्हा रीस. या वेळी रीसच्या शेवटच्या उडीने चमत्कार केला नाही. इव्हाना ६.९६, रीस ६.८९, जर्मनीची सोस्थेन मोगेनारा ६.८५. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी इव्हाना प्रथमच जगज्जेती झाली. लंडनला चौथ्या क्रमांकावर टाकणारी उडी ६.९६ ची होती आणि बर्मिंगहॅमला सुवर्ण देणारीही ६.९६ चीच. आकडा तोच, दिवस वेगळा!

२०१९ साली ग्लासगोला तिने सलग तिसऱ्यांदा युरोपीय इनडोअर सुवर्ण जिंकले. टोकियो ऑलिंपिक एक वर्ष उशिरा, २०२१ मध्ये झाले. तिथे ती चौथी आली, पदकाविना. रीसला तिथे रौप्य मिळाले.

पुढे लग्न झाले आणि २०२२ च्या मार्चमध्ये जागतिक इनडोअर स्पर्धा बेलग्रेडला आली तेव्हा फलकावर नाव होते इव्हाना वुलेटा. लग्न झाले की खेळ संपला, अशी समजूत आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आहे. त्या घरांनी हा निकाल कापून ठेवावा. वुलेटा ७.०६ मीटर, सुवर्ण. नायजेरियाची एसे ब्रूमे ६.८५, रौप्य. ब्रिटनची युगेन ६.८२, ब्राँझ. त्याच वर्षी म्यूनिकला ती मैदानावरची युरोपविजेती झाली, तिथेही ७.०६ मीटरवरच. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टला, तेहतिसाव्या वर्षी, पहिल्याच संधीला ७.१४ मीटर उडी मारून तिने मैदानावरचे जागतिक सुवर्णही मिळवले. लंडनच्या त्या कागदाची भरपाई व्हायला सहा वर्षे लागली.

त्यानंतर मात्र २०२४ च्या मे महिन्यात सराव करताना तिच्या टाचेमागची अॅकिलीस शीर दुखावली आणि पॅरिस ऑलिंपिक हुकले. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्लासगोला जागतिक इनडोअर सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेच्या टारा डेव्हिस-वुडहॉलने पॅरिसला ७.१० मीटर उडीवर ऑलिंपिक सुवर्णही नेले.

जागतिक इनडोअर स्पर्धा : महिलांच्या लांब उडीतील विजेत्या

२०१० दोहा : ब्रिटनी रीस, ६.७० मीटर
२०१२ इस्तंबूल : ब्रिटनी रीस, ७.२३ मीटर
२०१४ सोपोट : एलॉइज लेझ्यूर (फ्रान्स), ६.८५ मीटर
२०१६ पोर्टलंड : ब्रिटनी रीस, ७.२२ मीटर
२०१८ बर्मिंगहॅम : इव्हाना श्पानोविच, ६.९६ मीटर
२०२२ बेलग्रेड : इव्हाना वुलेटा, ७.०६ मीटर
२०२४ ग्लासगो : टारा डेव्हिस-वुडहॉल (अमेरिका), ७.०७ मीटर
२०२५ नानजिंग : क्लेअर ब्रायंट (अमेरिका), ६.९६ मीटर

उशिरा आलेले सोने

या सगळ्याशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे.

२००६ साली मॉस्कोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत रशियाच्या तात्याना कोतोवाने ७.०० मीटर उडी मारून महिलांची लांब उडी जिंकली. टाळ्या झाल्या, राष्ट्रगीत वाजले. पण २००५ सालच्या हेलसिंकी स्पर्धेत घेतलेला तिचा नमुना प्रयोगशाळेत जपून ठेवलेला होता. काही वर्षांनी नव्या पद्धतीने तो पुन्हा तपासला तेव्हा त्यात बंदी असलेले द्रव्य सापडले. ऑगस्ट २००५ पासूनचे तिचे दोन वर्षांचे निकाल रद्द झाले. मॉस्कोचे सुवर्ण ६.८० मीटर उडी मारणाऱ्या अमेरिकेच्या टियाना मॅडिसनकडे गेले. हीच टियाना पुढे बार्टोलेटा या नावाने रिओला ऑलिंपिक विजेती झाली.

आणि याच तपासणीने आपल्या अंजू बॉबी जॉर्जलाही न्याय दिला. सप्टेंबर २००५ मध्ये मोनॅकोला झालेल्या जागतिक अॅथलेटिक्स फायनलमध्ये अंजू ६.७५ मीटर उडीवर कोतोवाच्या मागे दुसरी होती. २०१४ साली ते रौप्य सुवर्ण झाले. नऊ वर्षे उशिरा! पदक मिळाले, पण त्या दिवशी मोनॅकोच्या मैदानावर वाजायला हवे होते ते जनगणमन मात्र वाजायचे राहून गेले. ते कोण परत देणार?

केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातल्या अंजूने २००३ साली पॅरिसला ६.७० मीटर उडीवर ब्राँझ मिळवले. जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेतले भारताचे ते पहिले पदक. पुढची एकोणीस वर्षे, नीरज चोप्राने २०२२ मध्ये रौप्य आणीपर्यंत, ते एकुलतेच राहिले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंजूने ६.८३ मीटर उडी मारली. दोन दशके उलटली तरी तो राष्ट्रीय विक्रम कुणा भारतीय मुलीला मोडता आला नव्हता. आणि एवढे सगळे आपण एकाच मूत्रपिंडावर केले, हे तिने जगाला सांगितले ते २०२० साली.

एक सेंटिमीटर

अंजूचा वारसा आता तिच्याच अंगणात वाढतो आहे. झाशीची शैली सिंग. आई शिवणकाम करून तीन मुलांना एकटीने वाढवणारी. घरात पैशांची ओढाताण, तरी लेकीला खेळासाठी तिने दूर बंगळुरूला पाठवले, अंजूच्या अकादमीत. अंजूचे पती आणि प्रशिक्षक बॉबी जॉर्ज यांनी शैलीला घडवले. ऑगस्ट २०२१ मध्ये नैरोबीला वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सतरा वर्षांच्या शैलीने ६.५९ मीटर उडी मारून रौप्य मिळवले. सुवर्ण जिंकणारी स्वीडनची माया ऑस्काग होती ६.६० मीटरवर. फक्त एक सेंटिमीटर, करंगळीच्या नखाएवढे! २०२३ मध्ये शैली ६.७६ मीटरपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई खेळांत केरळच्या अॅन्सी सोजनने ६.६३ मीटर उडीवर रौप्य मिळवले.

म्हणजे गुण आहेत. उणीव आहे ती सोयींची. ऐन थंडीत किंवा पावसाळ्यात सराव चालू ठेवता येईल अशी छताखालची धावपट्टी आपल्या देशात वर्षानुवर्षे नव्हतीच. आता भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमच्या आवारात इनडोअर अॅथलेटिक्स केंद्र उभे राहिले आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर मैदानावर चिखल असतो, उडीच्या खड्ड्यात पाणी साचते. चार महिने मुलींचा सराव जिन्याच्या पायऱ्यांवर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात होतो. अशी केंद्रे ठिकठिकाणी झाली तर हे चार महिने वाया जाणार नाहीत.

तुमच्या लेकीला उडी मारायची असेल तर...

तोवर घरच्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल तर तिला फक्त लांब उडीला जुंपू नका. धावणे, दोरीवरच्या उड्या, लंगडी, खोखो, सारे खेळू द्या. वेग आणि तोल या वयात असाच येतो. लंगडी तर एका पायावरच्या उसळीचा उत्तम सराव!

शाळेतला उडीचा खड्डा एकदा स्वतः जाऊन पाहा. वाळू दगडासारखी बसलेली असेल तर फावड्याने उकरून भुसभुशीत करायला सांगा, त्यातले खडे आणि काचा काढायला सांगा. कितीतरी मुलींचे घोटे आणि गुडघे निव्वळ या हयगयीमुळे दुखावतात. उडीआधी दहा-पंधरा मिनिटे हलके धावणे आणि अंग मोकळे करणे हवेच. टाचेत किंवा गुडघ्यात दुखत असेल तर "चालायचंच" म्हणून दुर्लक्ष करू नका. विश्रांती द्या, डॉक्टरांना दाखवा.

खाण्यात डाळ, उसळ, दूध, अंडी, पालेभाज्या, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी असेल तर महागड्या डब्यांतल्या पावडरी लागत नाहीत. कुणी "ताकदीची गोळी" देऊ केली तर ती घरात शिरूच देऊ नका. कोतोवाचे काय झाले ते आपण पाहिलेच. मासिक पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही हे मुलीला ठरवू द्या. पण त्याबद्दल ती आईशी आणि प्रशिक्षकांशी संकोच न करता बोलू शकेल असे वातावरण मात्र हवे.

आणि उडी बाद झाली तर रागावू नका. बाद उडी म्हणजे मुलगी वेगाने आली होती, एवढेच. तिच्या अजून संध्या बाकी असतात.

येत्या डिसेंबर-जानेवारीत शाळांचे क्रीडामहोत्सव सुरू होतील. धावण्याच्या शर्यतीला पालकांची गर्दी होते आणि उडीच्या खड्ड्यापाशी सर आणि टेप धरणारी दोन मुलेच उभी असतात. या वर्षी थोडा वेळ तिथेही जाऊन उभे राहा. तुमची लेक धावत येईल तेव्हा टाळ्यांचा ठेका तुम्हीच धरा.